चार बोटं जास्त

मीटरकाकांनी काउंटर विकत घेतला तेव्हा त्यांचा बेत अगदी साधा होता. पैसे भरायचे, टेम्पोत घालायचा, घरी आणून बैठकीच्या खोलीत भिंतीला लावायचा. मोठमोठ्या आपत्तींच्या मुळाशी कुणाचा तरी असाच साधा बेत असतो. पण हे आधी सांगून उपयोग नसतो, आणि मीटरकाकांना काही सांगून उपयोग होतो असा काकूंचा छत्तीस वर्षांतला अनुभव नव्हता.

काउंटर म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा नव्हे. मॉलच्या पहिल्या मजल्यावर जे अवाढव्य दुकान होतं, सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली विकणारं, त्याच्या कापड विभागातला तो सागवानी काउंटर. वरची फळी इतकी गुळगुळीत, की टाकलेला तागा आपणहून उलगडत जायचा. समोरच्या बाजूला पितळी अक्षरं ठोकलेली : ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ त्या अक्षरांमागे मीटरकाका एकतीस वर्षं उभे होते. बसले नाहीत. बसून कापड दाखवायचं तर मग झोपून भाषणही करावं, असं त्यांचं म्हणणं. हातात लाकडी मीटर, कानामागे खडू आणि समोर गिऱ्हाईक असलं, की ते कलेक्टरशीही बरोबरीनं बोलत.

मग लोक फोनवर बोट फिरवून कपडे घ्यायला लागले आणि दुकान बंद पडलं. हे एका ओळीत सांगता येतं, पण बंद पडायला त्याला तीन वर्षं लागली. आधी खेळणी गेली, मग भांडी, मग सोफे. सोफे गेल्यावर तर दमलेल्या गिऱ्हाइकांनीही यायचं सोडलं, कारण बसायचं कुठे? शेवटी विकायला माल उरला नाही तेव्हा मालकांनी दुकानातलं सामानच विकायला काढलं. रोखपालांनी भिंतीवरचं घड्याळ आणि टेबल घेतलं. अत्तरवाल्या बाईंनी मोठा आरसा नेला. मीटरकाकांनी काउंटर घेतला.

“काय घेतलंत?” काकूंनी विचारलं.

“काउंटर.”

“कशाला?”

हा प्रश्न येणार हे ठाऊक असल्यामुळे मीटरकाकांनी उत्तर तयार ठेवलं होतं. “ठेवायला.”

खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, पण ते काकूंना महिनाभर दिसतच होतं. कापड विभाग दुकानाच्या आधी महिनाभर बंद झाला होता, आणि तेव्हापासून मीटरकाकांच्या हातांना काम नव्हतं. घरातले सगळे टॉवेल त्यांनी घड्या घालून रंगाप्रमाणे लावले. वर्तमानपत्र वाचायच्या आधीच त्याची घडी घालून कपाटात ठेवलं. ओटा पुसायचं फडकं एकदा चौपदरी होऊन काकूंच्या ठेवणीतल्या कपड्यांत सापडलं. उभं कुठे राहायचं हेच त्या माणसाला कळेनासं झालं होतं. दारात उभे राहिले तर दूधवाला दचकायचा. म्हणून काकूंनी वाद घातला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, “बसेल का?”

काकू कॉलेजच्या प्रयोगशाळेत तराजू सांभाळून निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या हिशेबात अंदाजाला जागा नव्हती. चहात साखर घालतानाही त्या चमचा नजरेच्या रेषेत धरत. त्यांनी पोलादी टेप काढली, भिंत तीनदा मोजली आणि सांगितलं, “तीन मीटर पंचाहत्तर.”

मीटरकाका दुकानात गेले, लाकडी मीटरनं काउंटर मोजला आणि विजयी मुद्रेनं परतले. “तीन मीटर साठ! पंधरा सेंटीमीटर उरतात. तिथे तुझी कुंडी ठेव.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण बातमी जिन्यातून खाली गेली.

सर्वांत आधी वर आले तिसऱ्या मजल्यावरचे इंजिनियर. यांनी आयुष्यभर पूल बांधले आणि निवृत्तीनंतर ते सल्ल्यांवर आले होते. “मी पाचशे टनांचा गर्डर नदीवरून नेलाय,” ते म्हणाले, “तुमचा काउंटर म्हणजे काय, फुटपट्टी!” त्यांनी कागदावर बाण काढले, कोन काढले, गुरुत्वमध्य काढला आणि चहा काढायला सांगितलं. मग आले सोसायटीचे सेक्रेटरी. राहत्या इमारतीत दुकान काढायला मनाई आहे, आणि काउंटर आला म्हणजे दुकान आलंच, असा त्यांचा मुद्दा होता. मीटरकाकांनी परोपरीनं समजावलं. शेवटी ‘सदर काउंटरवरून कोणताही धंदा केला जाणार नाही, त्यामागे फक्त उभे राहण्यात येईल’ असं तीन प्रतींत लिहून दिलं, तेव्हा कुठे सेक्रेटरींचं समाधान झालं. उभं राहायची वेळ सकाळी आठच्या आत नसावी, एवढी ओळ मात्र त्यांनी स्वतःच्या हातानं वाढवली.

मॉलमधून काउंटर बाहेर काढायला गेट पास लागत होता. गेट पासवर दुकानाचा शिक्का हवा होता. दुकानच राहिलं नव्हतं, त्यामुळे शिक्का कोण मारणार हे कुणी सांगेना. दोन दिवस या खिडकीतून त्या खिडकीत फिरल्यावर शोध लागला, की शिक्का टेबलाच्या खणात होता आणि टेबल रोखपालांनी नेलं होतं. मीटरकाका त्यांच्या घरी गेले. रोखपाल त्याच टेबलाशी, त्याच घड्याळाखाली, काहीही न करता बसले होते. शिक्का मारायची संधी आल्यावर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की त्यांनी तो दोनदा मारला आणि “पुन्हा काही लागलं तर या, दहा ते पाच मी आहेच” असं आग्रहानं सांगितलं.

काढायच्या दिवशी सहा हमाल, इंजिनियर, त्यांचा कागद, काकू आणि मीटरकाका अशी वरात मॉलमध्ये निघाली. काउंटर दुकानातून बाहेर आला, पॅसेजमधून डौलात सरकत मालाच्या लिफ्टपर्यंत गेला, लिफ्टमध्ये शिरला आणि थांबला. त्याचं एक टोक बाहेर राहिलं होतं.

“लिफ्ट आखूड आहे,” इंजिनियर म्हणाले.

“लिफ्ट आहे तेवढीच आहे साहेब,” लिफ्टवाला म्हणाला. “आत तीन मीटर सत्तर लिहिलंय बघा.”

“मग काउंटर तीन साठ आहे!” मीटरकाका म्हणाले.

सगळे काउंटरच्या बाहेर राहिलेल्या टोकाकडे पाहत राहिले. काकूंनी पर्स उघडली, पोलादी टेप काढली आणि मोजलं. तीन मीटर ब्याऐंशी. त्यांनी डोळे मिटून घेतले, कारण त्यांचा हिशेब पुढे गेला होता. काउंटर लिफ्टमध्ये मावत नव्हता, आणि मावला असता तरी घरच्या भिंतीला मावणार नव्हता. जिन्याला मध्येच वळण होतं. सरकत्या जिन्यावर चढवायचं नाव काढताच सुरक्षारक्षकानं शिट्टी वाजवली.

“मग हा वर आला कसा?” इंजिनियर चिडून म्हणाले.

आला त्याचं कारण असं, की काउंटर आधीचा आणि मॉल नंतरचा. दुकान पूर्वी एकटंच उभं होतं. काउंटर दोरखंडांनी बांधून समोरच्या मोठ्या खिडकीतून आत घेतला होता. पुढे दुकानाभोवती मॉल बांधला, आणि जिथे खिडकी होती तिथे आता दातांचा दवाखाना होता.

“मोजा पाहू परत. माझ्यासमोर,” काकू म्हणाल्या.

मीटरकाकांनी लाकडी मीटर लावला. “एक.” मीटर उचलला, पुढे ठेवला. “दोन.” काकू त्यांच्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे बघत होत्या. प्रत्येक मीटर संपला की त्यांचा डावा हात अलगद चार बोटं पुढे सरकत होता आणि पुढचा मीटर तिथून सुरू होत होता.

“हे काय करताय?”

“काय?”

“ही बोटं. हा हात पुढे का जातो?”

मीटरकाकांनी आपल्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे. मग त्यांना उमगलं आणि ते ओशाळले. दुकानाचे मोठे मालक, देव त्यांचं भलं करो, नव्या विक्रेत्याला पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवत. कापड मोजताना दर मीटरला हात चार बोटं पुढे गेला पाहिजे; गिऱ्हाईक परत येतं ते त्या चार बोटांसाठी. मोठे मालक गेले, त्यांची मुलं आली, त्यांनी ती पद्धत बंद करायचा कागद काढला. कागदावर मीटरकाकांनी सही केली. हातानं केली नाही.

“म्हणजे एकतीस वर्षं तुम्ही दर मीटरला चार बोटं जास्त देत होतात?”

“दिली असतील.”

काकूंनी गेट पासच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडेमोड केली. ती करायची काही गरज नव्हती, पण हिशेब दिसला की त्या सोडू शकत नसत. “इथून स्टेशनापर्यंत जाऊन परत येईल एवढं कापड होतंय,” त्या म्हणाल्या. आणि मग, थट्टेतच, “दुकान बुडालं ते काही फोनमुळे नाही बुडालं. तुम्हीच बुडवलंत, चार-चार बोटांनी.”

हमाल हसले. इंजिनियर हसले. लिफ्टवालाही हसला. मीटरकाका हसले नाहीत. ते वाक्य त्यांना फार लागलं, आणि लागलं हे दाखवायचं नव्हतं म्हणून ते काउंटर पुसायला लागले.

हमालांनी काउंटर लिफ्टजवळच्या मोकळ्या जागेत आडवा लावला आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पिवळी चिठ्ठी होती : ‘बेवारस वस्तू’. मीटरकाकांनी ती फाडली. तिसऱ्या दिवशी पुन्हा होती. चौथ्या दिवशी मीटरकाका मॉल उघडायच्या वेळेलाच येऊन काउंटरमागे उभे राहिले. मागे माणूस उभा आहे तोवर वस्तू बेवारस कशी म्हणणार? सुरक्षारक्षक चिठ्ठी घेऊन आला, त्यानं पाहिलं, मान खाजवली आणि मॅनेजरबाईंना बोलावून आणलं.

मॅनेजरबाई तिशीच्या, चपळ आणि दमलेल्या होत्या. मॉलचं मोठं दुकान बंद पडू लागल्यापासून त्यांची झोप उडाली होती. त्या एका दुकानाच्या जिवावर बाकीची ऐंशी दुकानं जगत होती. लोक चादरी घ्यायला यायचे आणि जाताना चपला, चष्मा, आइस्क्रीम घेऊन जायचे. आता त्यातली निम्मी बंद होती. हेड ऑफिसनं त्यांना मजले भरायचं काम दिलं होतं, म्हणून त्यांनी दातांचा दवाखाना आणला, नाचाचा क्लास आणला, गाडीच्या परवान्याची परीक्षा आणली आणि एक पार्सलची खिडकी आणली.

“काका, ही जागा मोकळी हवीय मला,” त्या म्हणाल्या. “इथे चढायची भिंत येणार आहे.”

“कुठे चढायची?”

“कुठे म्हणजे, भिंतीवरच. खोटे दगड असतात. लोक तिकीट काढून चढतात.”

“आणि वर काय आहे?”

“वर काही नाही. चढून उतरायचं.” मॅनेजरबाईंनाही सांगताना थोडं चमत्कारिक वाटलं असावं. “आता मॉलमध्ये लोक वस्तू घ्यायला येत नाहीत हो, काका. त्यांना अनुभव द्यावा लागतो. भविष्यावर सल्ला देणारी मंडळी आम्ही खास बोलावलीत, त्यांनीच सांगितलंय. एकतीस तारखेला ते जागा बघायला येतील. तोपर्यंत हा काउंटर हलवा. नाहीतर मला तो फोडून भंगारात द्यावा लागेल. मला वाईट वाटतंय, पण माझाही इलाज नाही.”

तोवर ठेवायचा तर अर्ज भरा, असं त्यांनी सांगितलं. अर्जात दुकानाचा नंबर विचारला होता. काउंटरला नंबर नव्हता. व्यवसाय विचारला होता. मीटरकाकांनी बराच विचार करून लिहिलं, ‘उभे राहणे.’ मॅनेजरबाईंच्या टॅबलेटनं ते तीनदा नाकारलं आणि चौथ्यांदा ‘इतर’ या रकान्यात घेतलं.

इंजिनियरांनी दुसऱ्याच दिवशी उपाय आणला. काउंटर मधोमध कापायचा. दोन तुकडे लिफ्टमधून उतरवायचे आणि घरी काटकोनात लावायचे. त्यांनी स्वतः येऊन खडूनं रेघही मारली. रेघ ‘परत’ आणि ‘घेतला’ यांच्या बरोबर मधून गेली. मीटरकाकांनी रेघेकडे पाहिलं आणि कुणाच्या तरी ऑपरेशनची तारीख ठरवावी तसं हळूच म्हणाले, “एकतीसला सुताराला बोलवा.”

उरलेले दिवस ते रोज येऊन उभे राहू लागले. आणि इथे त्या पार्सलच्या खिडकीचा संबंध येतो.

खिडकी काउंटरपासून दहा पावलांवर होती. फोनवरून मागवलेले कपडे बसले नाहीत, की लोक ते परत करायला तिथे रांग लावत. कपडे कधीच बसत नसत. फोटोतल्या मुलीला बसलेला ड्रेस प्रत्यक्षातल्या मुलीच्या खांद्यावर अडकायचा. परत करायला हरकत नव्हती, पण कपडा आला होता तशाच घडीत, त्याच पिशवीत गेला पाहिजे असा नियम होता. आणि कारखान्यात घातलेली ती घडी एकदा उलगडली की माणसाच्या हातानं पुन्हा जमत नाही. लोक जमिनीवर बसून, गुडघ्यानं दाबून, दातानं ओढून कपडे पिशवीत कोंबत होते. खिडकीवाला मान हलवून परत पाठवत होता.

मीटरकाकांनी हे दोन दिवस कसंबसं पाहिलं. तिसऱ्या दिवशी एक मुलगी कोटाशी झटापट करताना दिसली तेव्हा ते म्हणाले, “इकडे आण.”

कोट काउंटरवर पडला. बाह्या मागे गेल्या, कॉलर उभी राहिली, दोन तळव्यांचा दाब, एक झटका, आणि कोट पिशवीत होता. मुलगी कोटाकडे आणि मग त्यांच्या हातांकडे बघत राहिली. खिडकीवाल्यानं पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि पहिल्यांदाच काही न बोलता घेतली.

दुसऱ्या दिवशी रांगेतली निम्मी माणसं आधी काउंटरशी आली, आठवड्यानं सगळीच. ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पितळी अक्षरांसमोर माल परत करणाऱ्यांची रांग लागू लागली. ज्या फोननं त्यांचं दुकान खाल्लं, त्याचाच माल मीटरकाका घड्या घालून परत पाठवत होते. यातला काव्यगत न्याय त्यांच्या लक्षात आला नव्हता असं नाही. पण घडी घालताना माणसानं घडीकडे बघावं, या मताचे ते होते.

आणि नुसती घडी घालून ते थांबते तर ते मीटरकाका कसले? “हा परत कशाला करतोस? खांद्यात अर्धा इंच सोडला की बसेल. खाली जिन्याजवळ शिंपी आहे.” “हा रंग तुम्हाला नाही, परतच करा. कुणी सांगितला घ्यायला?” “पुढच्या वेळी मागवायच्या आधी इथे येऊन माप देऊन जा. फोनला काय कळतंय तुमचा खांदा उतरता आहे ते?” लोक मागवायच्या आधी माप द्यायला येऊ लागले. बंद पडत चाललेल्या शिंप्यानं दुसरं मशीन घेतलं. वाट बघणारे लोक शेजारच्या दुकानात चहा घेऊ लागले. दातांच्या दवाखान्यातले रुग्णही भीती विसरायला इथे येऊन उभे राहत आणि अगदी अनोळखी माणसाच्या पँटबद्दल मत देत.

मीटरकाका खुशीत असायला हवे होते आणि दिवसभर असतही. पण काकूंचं ते वाक्य मध्येच वर यायचं. एखाद्या पडद्याचं कापड मोजताना हात चार बोटं सरकला, की ते चपापून हात मागे घ्यायचे. स्टेशनापर्यंत जाऊन परत. मोठ्या मालकांच्या मुलांचं बरोबर असेल तर? एकतीस वर्षं आपण इमान म्हणून जे केलं, त्यानंच दुकान पोखरलं असेल तर? हे विचारायचं कुणाला, हा प्रश्न होता. घरी विचारावं तर काकू पुन्हा हिशेब करतील याची धास्ती.

एकतीस तारीख उजाडली. सुतार करवत घेऊन हजर झाला. इंजिनियर आले. तुकडे सारखे पडताहेत ना हे बघायला काकू टेप घेऊन आल्या. मॅनेजरबाई भविष्याच्या तीन सल्लागारांना घेऊन आल्या. तिघांचे बूट सारखे होते आणि तिघेही छताकडे बघत चालत होते. फक्त रांगेला तारखेचं काही सोयरसुतक नव्हतं. ती नेहमीसारखी लागली होती आणि सुतारालाच म्हणत होती, “ओ, मध्ये घुसू नका, रांगेतून या.”

सुतार गरीब बिचारा रांगेत उभा राहिला.

त्याच्या पुढे एक वयस्क बाई होत्या, काठी टेकत नातीबरोबर आलेल्या. नातीनं फोनवरून मागवलेले पडदे लांबीला कमी पडले होते, ते परत करायचे होते. मीटरकाकांनी पडदे फळीवर पसरले आणि किती कमी पडतात ते बघायला लाकडी मीटर लावला. हात सरकला. त्यांनी चटकन मागे घेतला.

“का हो, मागे का घेतलात?” बाई म्हणाल्या. “पूर्वी नव्हतात घेत.”

मीटरकाकांनी वर पाहिलं.

“चेहरा नाही ओळखला मी तुमचा. हात ओळखला. तुमच्याकडून पडद्याचं कापड न्यायची ना मी. मोजून सहा मीटर नेलं तरी घरी गेल्यावर हातभर जास्तच निघायचं. त्या हातभरातून धाकटीचा फ्रॉक व्हायचा. हिच्या आईचा.” त्यांनी नातीकडे बोट दाखवलं. “आमच्या रस्त्यावर दोन कापडवाले होते, दारातच. पण मी दोन बस बदलून तुमच्याकडे यायची. माझ्या जावा यायच्या, शेजारणी यायच्या. आम्हाला काय कळत नव्हतं होय, तुमचा हात पुढे जातो ते? आम्ही घरी जाऊन त्यावर हसायचो. आणि पुढच्या महिन्यात परत यायचो.”

रांगेसमोर, सल्लागारांसमोर, करवतीसमोर मीटरकाकांनी मान खाली घालून पडद्याची घडी घातली. घडी वाकडी आली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा.

काकूंनी ती वाकडी घडी पाहिली. त्या पुढे झाल्या, पडदा त्यांच्या हातून घेतला आणि सरळ केला. “बुडालं ते तुमच्यामुळे नाही,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “माझा हिशेब अर्धाच होता. गेलेलं कापड मोजलं, आलेली माणसं मोजली नाहीत.”

तिकडे तिघांपैकी एक सल्लागार हातातल्या यंत्राकडे बघून मॅनेजरबाईंना विचारत होता, “छतावरचा हा मोजणारा कॅमेरा बिघडलाय का? या कोपऱ्यात दिवसाला चारशे माणसं दाखवतोय. सगळ्या मजल्यावर मिळून एवढी नाहीत. इथे काय अनुभव दिला जातो?”

मॅनेजरबाईंनी काउंटरकडे पाहिलं. “इथे एक काका उभे राहतात,” त्या म्हणाल्या.

“बस?”

“बस. अर्जातही तेच लिहिलंय.”

तिघांनी आपसांत थोडी कुजबुज केली, छताकडे पाहिलं आणि चढायची भिंत दुसऱ्या टोकाला, बंद पडलेल्या चपलांच्या दुकानात न्यायचं ठरवलं. सुताराला कुणीतरी चहा दिला. इंजिनियर नाराज झाले. त्यांची रेघ वाया गेली होती. पण थोड्या वेळानं काउंटर मुळातच हलवायला नको होता असं आपलं पहिल्यापासूनचं मत होतं, हे ते रांगेला समजावून सांगू लागले.

मॅनेजरबाई पिवळी चिकटपट्टी घेऊन आल्या. “काका, जागा आता तुमची. जमिनीवर आखून देते. आमच्याकडे लेझरचं मशीन आहे मोजायला, पण नियम असा आहे, की घेणाऱ्यानं स्वतः मोजून आकडा सांगायचा.”

मीटरकाकांनी लाकडी मीटर उचलला आणि काउंटरच्या पायाशी वाकले. “एक.” हात पुढे सरकला, आणि या वेळी त्यांनी तो मागे घेतला नाही. “दोन. तीन. आणि वर साठ. लिहा, तीन मीटर साठ.”

मॅनेजरबाईंच्या हातातल्या मशीनवर लाल ठिपका चमकत होता आणि आकडा दिसत होता : तीन मीटर ब्याऐंशी. त्यांनी भुवया उंचावल्या.

काकूंना राहवेना. “अहो, चुकताय तुम्ही,” त्या म्हणाल्या. “ब्याऐंशी आहे. लिहा हो बाई, तीन ब्याऐंशी. फुकटची जागा नको आम्हाला.”

“राहू द्या, काकू,” मॅनेजरबाई म्हणाल्या. त्यांनी टॅबलेटवर तीन साठ लिहिलं आणि पट्टी मात्र काउंटरच्या टोकापर्यंत ओढली. शेवटी हाताची बोटं जमिनीवर ठेवून, चार बोटं पुढे नेऊन, मग तोडली. “आम्हालाही गिऱ्हाईक टिकवायचंय. ही आमच्याकडून.”

मीटरकाका त्या पट्टीकडे बघत राहिले. आयुष्यभर ते काउंटरच्या आतल्या बाजूला होते. चार बोटं देताना काय वाटतं ते त्यांना पाठ होतं. घेताना काय वाटतं ते आज पहिल्यांदा कळत होतं, आणि दोन बस बदलून माणूस का येत असेल तेही.

“ओ काका,” रांगेतून आवाज आला, “माझा शर्ट राहिलाय!”

मीटरकाकांनी डोळे पुसले, खडू कानामागे लावला आणि पितळी अक्षरांमागे जाऊन उभे राहिले.

“या,” ते म्हणाले. “काय परत करायचंय?”